धानोऱ्याचे पाच व्होल्ट

लोणावळा, अलिबाग, महाबळेश्वर... तेच तेच वीकेंड करून कंटाळलात? गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याला ना 'सनसेट पॉइंट' आहे, ना रिसॉर्ट. पण जूनमधल्या एका दुपारी तिथं बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा डबा उघडताना जे पाहायला मिळालं, ते कुठल्याच टूर पॅकेजमध्ये मिळत नाही.

ऑफिसातला पीसी सुरू झाला नाही की आपण काय करतो? आयटीला फोन. आयटीवाला येतो, कॅबिनेट उचलून नेतो, दुसरं आणून ठेवतो. तोवर आपला एक एक्स्ट्रा चहा होतो. बिघाड नेमका काय होता, हे आपण विचारत नाही आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते ठाऊक नसतं. 'एसएमपीएस उडाला होता, बदलून टाकला.' विषय संपला.

हा एसएमपीएस, म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय, कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा. त्यात पंखा असतो आणि भिंतीतून येणारी वायर त्यालाच जोडतात. कॉम्प्युटरमधला हा सगळ्यात बिनग्लॅमरचा पार्ट. प्रोसेसरबद्दल लोक भांडतात, ग्राफिक्स कार्डबद्दल स्वप्नं बघतात. एसएमपीएसची आठवण येते ती फक्त तो गेल्यावर. मला त्याची नीट ओळख झाली ती धानोऱ्यात.

धानोरा कुठं आलं?

धानोरा नावाची गावं महाराष्ट्रात ढिगानं सापडतील. मी म्हणतेय ते गडचिरोली जिल्ह्यातलं, तालुक्याचं ठिकाण. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. जिल्ह्याचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग जंगलाचा. गडचिरोली शहरातून पूर्वेकडे निघालं की साधारण ३५ किलोमीटरवर धानोरा. रस्ता तसाच पुढे मुरूमगावमार्गे छत्तीसगडात शिरतो. दोन्ही बाजूंना साग, मोह, ऐन आणि बांबू. मोबाइलच्या काड्या मधेच गायब होतात आणि एखाद्या वळणावर अचानक परत येतात, की लगेच बसमधले चार जण एकाच वेळी 'हॅलो, हॅलो' करायला लागतात.

कानाला इथं मजा येते. मराठी आहे, पण तिला झाडीपट्टीचा ठसका आहे. वाक्याच्या शेवटी गोड 'जी' येतो. बाजारात त्याच मराठीत गोंडी मिसळते, छत्तीसगडी मिसळते. गडचिरोली म्हटल्यावर आपल्या डोक्यात टीव्हीवरच्या ठरावीक बातम्या येतात. प्रत्यक्षात दिसतात त्या जांभळांच्या टोपल्या विकणाऱ्या बाया, खर्रा घोटणारे पानठेले आणि सायकलवर शाळेची चौकशी करायला निघालेल्या मुली.

मी गेले होते ते मेंढ्यासाठी. मेंढा, म्हणजे मेंढा (लेखा), धानोऱ्याच्या अलीकडे तीनेक किलोमीटरवर आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या काही गावांपैकी हे एक. २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश इथं आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आपल्या जंगलातला बांबू आपण विकायचा, हे कागदावर उतरलं.

मेंढ्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र घोषणा नाही. ती आहे त्यांचा अभ्यास गट. एखादा प्रश्न आला की गावातले लोक आधी गोल करून बसतात, माहिती काढतात, कागद वाचतात, बाहेरच्या जाणकाराला विचारतात. देवाजी तोफा गावातले, तर मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते बाहेरून येऊन सोबत बसलेले. अभ्यास गट निर्णय घेत नाही, फक्त समजून घेतो. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सगळ्यांच्या सहमतीनं. थोडक्यात काय, तर आधी निदान, मग इलाज.

हे डोक्यात घोळवत मी दुपारी धानोऱ्यात उतरले. दोन कागदांची झेरॉक्स हवी होती, बस्स.

'पंखा झटका मारते अन् बंद पडते'

मुख्य रस्त्यावरचं ते दुकान म्हणजे एकात पाच. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, रिचार्ज आणि लॅमिनेशन. दुकानात कॉम्प्युटर एकच. तो बंद. बाहेर बाकावर सात-आठ माणसं, आणि त्यांच्यात वडिलांबरोबर बसलेली एक मुलगी. मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. तिला नर्सिंगला जायचं होतं. ऑनलाइन फॉर्मची मुदत त्याच रात्री बारा वाजता संपत होती. तिची सगळी कागदपत्रं आदल्या दिवशी याच मशिनवर स्कॅन करून ठेवलेली, फॉर्म अर्धा भरलेला.

"मोबाइलवर नाही का भरता येणार?" मी माझ्या परीनं सुचवून पाहिलं.

"केलं ना मॅडम. फोटो एवढ्याच केबीचा पायजे, सही तेवढ्याच केबीची. चार वेळा भरलं, चार वेळा नेट गेलं," वडील म्हणाले. मुलगी काहीच बोलली नाही. फक्त एकदा दुकानदाराकडे बघून म्हणाली, "आज होईल ना जी?"

दुकानदारानं रिपेअरवाल्याला फोन लावलेलाच होता. दोन गल्ल्या पलीकडे त्याचं टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तिशी-पस्तिशीचा, आयटीआय केलेला. खांद्यावर शाळेची जुनी बॅग, तिच्यात हत्यारं. आल्या आल्या त्यानं डबा उघडला नाही. बाकावर बसून आधी प्रश्न विचारले, डॉक्टर विचारतात तसे.

"कधीपासून?"

"काल रात्री पाऊस झाला ना भाऊ, त्याच्यानंतर. बटन दाबलं का पंखा एक झटका मारते अन् बंद पडते."

"आधी काही तरास?"

"चार-पाच दिवसापासून सकाळी लवकर सुरू नव्हता होत. दोन-तीनदा बटन दाबा लागे."

त्यानं मान हलवली. मला म्हणाला, "मॅडम, एका रात्रीत नाई गेला हा. आधीपासून आजारी होता. रात्रीच्या पावसानं फक्त धक्का देला."

गडचिरोलीला जाऊन नवा एसएमपीएस आणायचा का, हा प्रश्न मीच विचारला. आपल्याला सवय तीच. त्यानं बोटांवर हिशेब मांडला. बसनं एक तास जायला, एक तास यायला, मधे बसची वाट. दुकानात पाहिजे तो मिळाला तर मिळाला. सगळं धरून चार तास आणि सात-आठशे रुपये, वर तिकीट. संध्याकाळी पुन्हा ढग आले आणि लाइन गेली तर सगळंच गेलं. "आधी पाहू तर द्या, गेलंय काय ते. पंधरा मिनिटांत समजते. नाई समजलं तर मंग बस हायेच."

डबा सगळ्यात शेवटी

पुढची पंधरा मिनिटं हा अक्षरशः क्लास होता.

पहिला नंबर भिंतीचा. मीटरच्या दोन काड्या सॉकेटमध्ये. २३० पाहिजेत, मीटर १९२ दाखवत होतं. "लाइन डिम हाये. पन एवढ्यानं मशिन बंद नाई पडत." मग पॉवरची वायर बदलून पाहिली. मग डब्यामागचा काळा स्विच. मग कॅबिनेटचं समोरचं बटण, कारण कधी कधी बिचारं बटणच अडकलेलं असतं आणि लोक मदरबोर्ड बदलून मोकळे होतात.

हे सगळं ठीक निघाल्यावर त्यानं एसएमपीएसच्या वायरी मदरबोर्डपासून, हार्डडिस्कपासून, सगळीकडून सोडवल्या. आता डबा एकटा. आजार त्याच्यात आहे की तो ज्यांना पोसतो त्यांच्यात, हे ठरवायला ही एकच युक्ती. मदरबोर्डवर कुठं शॉर्ट असेल तर चांगला एसएमपीएससुद्धा स्वतःला वाचवायला बंद होतो.

वायरींच्या रंगांना अर्थ असतो, हे मला इतकी वर्षं पीसी वापरून माहीत नव्हतं. पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची. काळी म्हणजे ग्राउंड. हिरवी म्हणजे 'उठ' असा हुकूम देणारी. राखाडी वायर मदरबोर्डला सांगते, की सगळे व्होल्ट जागेवर आहेत, आता कामाला लागा. आणि जांभळी? जांभळी कधीच झोपत नाही. प्लग लावलेला आहे तोवर तिच्यावर ५ व्होल्ट हवेतच, कॉम्प्युटर बंद असला तरी. आपण समोरचं बटण दाबतो तेव्हा मशिनला उठवायची ताकद या पाच व्होल्टमधून येते. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाची पद्धत आणली तेव्हापासून हे असंच आहे. म्हणजे 'शटडाउन' केल्यावर आपला पीसी बंद होतो, असं आपल्याला फक्त वाटतं. भिंतीवरचा स्विच चालू असला तर डब्यातला एक छोटा भाग दिवसरात्र जागाच असतो.

त्यानं मीटरची काळी काडी काळ्या वायरीला लावली, लाल काडी जांभळीला. आकडा स्थिर राहीना. १.९... २.४... १.७... हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्यानं जोडली. पंखा एकदा हलला आणि थांबला.

"सापडला," तो म्हणाला. "पाच पायजे, दोन येऊन रायले. जागा राहणाराच अर्धा झोपला, तर बाकीच्यायले कोन उठवन?"

तीनशे व्होल्टचा मुक्काम

डबा उघडण्याआधी त्यानं प्लग काढला आणि घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं काही करायचं नाही. बाकावरच्या एका काकांनी घाई केली, तर शांतपणे म्हणाला, "काका, प्लग काढला म्हणून आतली वीज घरी नाई जात."

आणि हे शब्दशः खरं आहे. भिंतीतली २३० व्होल्टची वीज डब्यात शिरल्या शिरल्या एकाच दिशेची केली जाते. तिथं ती भरते सुमारे ३२५ व्होल्ट. ती साठवायला अंगठ्याएवढे जाड कंडेन्सर असतात आणि प्लग काढल्यावरही ते भरलेले राहू शकतात. पुढे हीच वीज सेकंदाला हजारो वेळा कापून छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून जाते आणि ५, १२ व्होल्ट होऊन बाहेर पडते. इतक्या वेगानं कापल्यामुळेच ट्रान्सफॉर्मर लहान लागतो. नाहीतर प्रत्येक कॉम्प्युटरखाली विटेएवढं लोखंड ठेवावं लागलं असतं.

पाच मिनिटांनी झाकण निघालं. मीटरनं मोठ्या कंडेन्सरवर अजून १४० व्होल्ट दाखवले. त्यानं बॅगेतून होल्डरला लावलेला पिवळा, जुन्या पद्धतीचा बल्ब काढला आणि त्याच्या दोन वायरी कंडेन्सरला टेकवल्या. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला. मीटरवर शून्य. सगळे बाकावरून पुढे सरकून बघत होते. ती मुलगीसुद्धा.

आत काय होतं? धुळीची गोधडी. दिव्यावरचे मेलेले किडे. पालीची वाळलेली शेपटी. पंख्याची पाती धुळीनं जड झालेली, बोटानं फिरवला तर अर्ध्या फेरीत थांबणारी. त्यानं ब्रशनं सगळं साफ केलं आणि मग नुसतं पाहिलं. वास घेतला. जळका वास नाही. फ्यूज शाबूत. म्हणजे मोठा स्फोट झालेला नाही. एका कोपऱ्यात एक छोटा कंडेन्सर मात्र वरून फुगलेला, चपाती टम्म फुगावी तसा. आणि त्याच्या आसपास, गरम होणाऱ्या पट्टीला चिकटून, त्याहून लहान आणि दिसायला अगदी चांगला असलेला दुसरा.

"फुगलेला सगळ्यायले दिसते. हा न फुगता मेला," लहान्याकडे बोट दाखवत तो म्हणाला.

कंडेन्सरच्या आत ओलसर द्रव असतो. उष्णतेनं तो वर्षांनुवर्षं हळूहळू सुकतो. जागं राहणाऱ्या सर्किटमधल्या चिपला हा २२ मायक्रोफॅरडचा छोटा कंडेन्सर पुरवठा देतो. ते सर्किट चोवीस तास चालू, वर पंखा अडकलेला, त्यात विदर्भातला मे महिना. सुकणारच. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला तर सदोष द्रव भरलेल्या कंडेन्सरांमुळे जगभरचे मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय फुगून मेले होते. तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये 'व्हायरस आला असेल' म्हणून फॉरमॅट मारलेली काही मशिन्स खरंतर या कंडेन्सरांनीच मारलेली असणार.

होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये त्याचा सगळा खजिना. एका बाटलीत २२, दुसरीत ४७, तिसरीत १०००. प्रत्येकीवर पेननं लिहिलेलं. निवडताना त्यानं १०५ अंश छापलेलेच घेतले. ८५ अंशाचे स्वस्त पडतात, पण गरम डब्यात लवकर दम सोडतात. सोल्डरिंग आयर्न तापवलं, जुने काढले, नवे बसवले. ऋण बाजूची पट्टी दोनदा तपासली, कारण उलटा बसवला तर तो फुटतो. पंख्याला शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब. एकूण पार्ट दोन. दोघांची किंमत मिळून एका कटिंग चहापेक्षा फार जास्त नाही.

पिवळा बल्ब

आता लगेच प्लग लावेल असं वाटलं होतं. पण नाही. तोच पिवळा बल्ब पुन्हा बाहेर आला. या वेळी तो डब्याच्या आधी, लाइनमध्येच जोडला. याला 'सिरीज बल्ब' म्हणतात, आणि देशभरातल्या रिपेअर दुकानांचा हा सगळ्यात स्वस्त बॉडीगार्ड आहे. डब्यात अजून कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटून राहतो, सगळा धक्का स्वतः खातो आणि डबा वाचतो. शॉर्ट नसेल तर बल्ब एकदा चमकून मंद होतो. एलईडीच्या जमान्यात हे जुने बल्ब मिळेनासे झालेत. म्हणून त्यानं घरी सहा जपून ठेवलेत. आपण एलईडी लावून तारवाल्या बल्बला भंगारात काढलं आणि इथं तो अजून ड्यूटीवर आहे.

स्विच दाबला. बल्ब चमकला. मंद झाला.

जांभळी : ५.०८. स्थिर.

जुना सीडी ड्राइव्ह वजन म्हणून जोडला. हिरवी-काळी जोडली. पंखा फिरला, आणि फिरत राहिला. पिवळी १२.१५, लाल ५.०४, नारिंगी ३.३४. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ चे ११.४ ते १२.६ पर्यंत कुठंही. सगळे आकडे आत बसले. मग कुठं डबा कॅबिनेटमध्ये परत गेला.

स्क्रीनवर कंपनीचा लोगो आला तेव्हा बाकावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे एकदम रांगेत उभे राहिले, एवढंच. दुकानदारानं सगळ्यांना थांबवलं आणि मुलीला पुढे बोलावलं. कागद जागेवर होते. फोटो, सही, गुणपत्रिका, जातीचा दाखला. नेट दोनदा गेलं, दोनदा आलं. सहाला दहा मिनिटं कमी असताना प्रिंटरमधून पावती बाहेर आली. तिनं पावती वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि फाइलमध्ये ठेवली. वडिलांनी तिच्या हातातून फाइल घेऊन शर्टाच्या आत सरकवली, कारण बाहेर थेंब पडायला लागले होते. पुढे तिचा नंबर लागेल की नाही, ती वेगळी परीक्षा. निदान धुळीनं भरलेल्या डब्यामुळे तिचं वर्ष गेलं नाही.

'हा इलाज नाई, हा उतारा हाये'

रिपेअरवाल्यानं दोनशे रुपये घेतले. आणि मग दुकानदाराला चक्क नवा एसएमपीएस घ्यायला सांगितलं!

मी चक्रावले. त्याचं म्हणणं सरळ होतं. दोन कंडेन्सर बदलले म्हणजे बाकीचे तरुण होत नाहीत. हा डबा आजचं काम करेल, कदाचित वर्षभरही करेल. पण धंदा एकाच मशिनवर आहे, तर एक चांगला डबा आणून ठेवा आणि हा स्पेअर म्हणून बाजूला ठेवा. शिवाय मूळ रोग डब्यात नाहीच. त्यानं कॅबिनेटच्या पत्र्याला टेस्टर लावला. दिवा पेटला. "तुमाले मुंग्या येत असतीन नं हात लावला का?" दुकानदार हसला. येतात म्हणे, रोजच.

या मुंग्या तुम्हालाही आल्या असतील. थ्री-पिनची मधली पिन नुसती नावाला असलेल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पीसीच्या पत्र्याला हात लावून बघा. एसएमपीएसच्या तोंडाशी लाइनमधला कचरा गाळणारे छोटे कंडेन्सर असतात, ते तो कचरा अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज येऊन बसतो. करंट अगदी थोडा, म्हणून मुंग्यांवर भागतं. पण तो सांगत असतो, की वीज कडाडली तर बाहेर पळायला इथं वाट नाही.

त्यामुळे त्याची यादी अशी होती : अर्थिंगचा खड्डा करा, त्यात कोळसा आणि मीठ टाका, उन्हाळ्यात पाणी घालत राहा. ढग आले की नुसता स्विच बंद करू नका, प्लगच काढा. नेटची वायरसुद्धा काढा. दिवाळीच्या आधी पंखा साफ करा. चार ओळी. कुठल्याही पार्टपेक्षा स्वस्त.

आणि कुठला डबा तो दुरुस्त करत नाही? फ्यूज काळा पडून काच फुटलेला, ट्रान्सफॉर्मर जळका, पाटीवर कोळसा झालेला. तो सरळ बाजूला. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालून 'चालू करून द्या' म्हणणाऱ्यांना तो हात जोडतो. "डबा सातशेचा हाये. घर कितीचं हाये?"

परत येताना चातगाव लागलं. धानोरा तालुक्यातलंच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं शोधग्राम इथं आहे. 'सर्च' ही त्यांची संस्था १९८६ ची. हॉस्पिटल लांब आहे, हे धरूनच त्यांनी काम केलं. नवजात बाळं नेमकी कशानं दगावतात हे आधी गावोगाव मोजलं, मग गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केलं. तिच्या हातात वजनकाटा, थर्मामीटर आणि काय बघायचं याचं शिक्षण दिलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे घरोघरी नवजात बाळाची काळजी हे आशाताईंचं देशभरचं काम झालं. बाळ आणि कॉम्प्युटरची बरोबरी कुणी करणार नाही. पण एकाच तालुक्यात एकच गोष्ट तीनदा दिसली. मोठं साधन लांब असलं की नेमकं निदान जवळच्या माणसाच्या हाती द्यावं लागतं. ते दिलं तर तो ते करतो, आणि चांगलं करतो.

आपल्याकडे 'राइट टू रिपेअर'ची चर्चा आता जोरात आहे. फ्रान्सनं २०२१ पासून लॅपटॉप-मोबाइलवर दुरुस्तीचे गुण छापायला लावले. युरोपीय संघानं २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. भारत सरकारनं २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टल सुरू केलं. छानच आहे. पण हक्क असून उपयोग काय, जर बिघाड कुठं आहे हे विचारायची सवयच गेली असेल? आपल्याकडे पैसे आहेत, पार्ट रात्री मागवला तर सकाळी दारात येतो. त्यामुळे आपण निदानाची पायरीच गाळतो. डबा बदलतो, अर्थिंग तसंच राहतं, वर्षानं नवा डबाही जातो. पीसीच कशाला, नोकऱ्यांचंही आपण हेच करतो!

पुढच्या वेळी आयटीवाला कॅबिनेट उचलायला आला की त्याला एकच विचारा : जांभळीवर पाच येतात का?

पीसी सुरू होत नाही? डबा न उघडता एवढं बघा

● सॉकेटमध्ये दुसरं काही लावून बघा. पॉवरची वायर बदलून बघा. मागचा स्विच चालू आहे ना?

● प्लग काढा, समोरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, प्लग परत लावा. कधी कधी एवढ्यावर भागतं.

● पेनड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम, सगळं सोडवून सुरू करून बघा.

● पंखा एक झटका देऊन थांबतो? शॉर्ट किंवा थकलेला एसएमपीएस. सुरू होऊन मधेच बंद पडतो? आधी धूळ आणि उष्णता बघा.

● जळका वास, ठिणगी किंवा 'फट्' असा आवाज आला तर प्लग काढा आणि परत लावू नका.

● एसएमपीएसचं झाकण स्वतः उघडू नका. आतले तीनशे व्होल्ट तुमची डिग्री विचारत नाहीत.

धानोऱ्याला जायचंय?

कसं जाल : नागपूरपर्यंत ट्रेन किंवा विमान. तिथून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरीमार्गे गडचिरोली, एसटीनं निम्मा दिवस धरा. रेल्वेनं जवळ जायचं तर वडसा (देसाईगंज). गडचिरोलीहून धानोऱ्याला एसटी आहे.

कधी : दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. याच दिवसांत झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन असतो. रात्रभर चालणारं नाटक एकदा तरी बघाच.

काय खाल : भात, वरण, आणि मोसमात जे जंगलातून येईल ते. जूनमध्ये जांभळं.

लक्षात ठेवा : जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे 'तसला' वीकेंड प्लॅन करू नका. मेंढ्याला किंवा शोधग्रामला जायचं तर आधी विचारून, वेळ ठरवून जा. ती प्रेक्षणीय स्थळं नाहीत, कामाची ठिकाणं आहेत. पॉवर बँक न्या. आणि घरी एखादा जुना, तारवाला, चालू असलेला शंभर वॉटचा बल्ब पडून असेल तर तोही न्या. धानोऱ्यात त्याची कदर करणारा माणूस आहे.